ढकलाढकलीतून जमणारा ताल : अतिशीत एक्साइटॉनांचा वायू

आजचा विषय नावाने जरा जड आहे, पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न साधा आहे. एखाद्या गर्दीतले सगळे जण एकमेकांना सतत दूर ढकलत असतील, तर ती गर्दी एका तालात चालू शकेल का? रोजच्या अनुभवावरून आपण म्हणू, छे, शक्यच नाही. आज आपण जी गर्दी बघणार आहोत, तिथे मात्र उत्तर उलटं येतं. तिथे ढकलणं बंद झालं, तर एक तर गर्दीचा गोळा होतो, नाही तर ताल जमतच नाही. ही गर्दी आहे एक्साइटॉन नावाच्या जोड्यांची, आणि ती राहते अर्धवाहकाच्या अतिशय पातळ थरांमध्ये. यातले काही थर तर एकेका रेणूच्या जाडीचे आहेत.

आज आपण तीन गोष्टी बघू. हे एक्साइटॉन म्हणजे काय, ते एकमेकांना का ढकलतात आणि ते ढकलणं मोजतात कसं. शेवटी नेहमीप्रमाणे प्रश्नोत्तरं.

एक्साइटॉन म्हणजे काय?

अर्धवाहकात, म्हणजे सेमीकंडक्टरमध्ये, इलेक्ट्रॉनांच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात. दोन पंगती डोळ्यांसमोर आणा. खालची पंगत गच्च भरलेली, वरची पूर्ण रिकामी. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, येतो आणि खालच्या पंगतीतला एक इलेक्ट्रॉन उचलून वरच्या पंगतीत नेऊन बसवतो. आता खाली एक पाट रिकामा झाला. शेजारचा सरकून त्या पाटावर बसला, की रिकामा पाट उलट दिशेला एक जागा सरकतो. म्हणजे रिकामी जागाच जणू फिरायला लागते. तिला 'होल' म्हणतात. इलेक्ट्रॉनाचा प्रभार ऋण, त्यामुळे तो जिथून उठला ती जागा धन. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, आणि हायड्रोजनच्या अणूसारखी एक जोडी तयार होते. हाच एक्साइटॉन. याकोव्ह फ्रेंकेल या सोव्हिएत शास्त्रज्ञाने ही कल्पना १९३१ मध्ये मांडली.

हायड्रोजनपेक्षा यात दोन मोठे फरक आहेत. पहिला, एक्साइटॉन फार हलका असतो. दुसरा, तो मरतो. कधीतरी इलेक्ट्रॉन पुन्हा खालच्या रिकाम्या पाटावर येऊन बसतो, जोडी संपते आणि एक फोटॉन बाहेर पडतो. त्या फोटॉनाची ऊर्जा, म्हणजे त्याचा रंग, ही एक्साइटॉनाने जाताना ठेवलेली नोंद असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढचा बराचसा पुरावा या रंगावरच उभा आहे.

थंड म्हणजे किती थंड?

१९२४ मध्ये ढाक्याला शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी फोटॉनांच्या मोजणीची एक नवी रीत शोधली आणि आपला लेख आइन्स्टाइनना पाठवला. आइन्स्टाइननी ती रीत अणूंना लावली आणि भाकीत केलं, की बोसॉन जातीच्या कणांचा वायू पुरेसा थंड केला, तर असंख्य कण एकाच क्वांटम अवस्थेत जमा होतील. यालाच आज आपण बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेट म्हणतो.

'पुरेसा थंड' म्हणजे काय, तेही बघू. क्वांटम जगात प्रत्येक कणाला एक तरंगलांबी असते. कण जितका थंड आणि जितका हलका, तितकी ती लांबी मोठी. ही तरंगलांबी दोन कणांमधल्या अंतराएवढी झाली, की कणांचे तरंग एकमेकांवर चढतात आणि कण एकेकटे राहत नाहीत.

रुबिडियमचा अणू इलेक्ट्रॉनाच्या जवळजवळ १ लाख ६० हजार पट जड. त्यामुळे १९९५ मध्ये अमेरिकेत बोल्डरच्या प्रयोगशाळेत एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांनी पहिलं अणूंचं कंडेन्सेट बनवलं, तेव्हा त्यांना १७० नॅनोकेल्विनपर्यंत खाली उतरावं लागलं. एका केल्विनच्या कोट्यांश भागांची ही भाषा. गॅलियम आर्सेनाइडच्या पातळ थरातला एक्साइटॉन मात्र इलेक्ट्रॉनाच्या साधारण एक पंचमांश वजनाचा. आपणच हिशोब करू. एका चौरस सेंटिमीटरमध्ये १,००० कोटी एक्साइटॉन असले, तर दोघांमधलं सरासरी अंतर ०.१ मायक्रोमीटर येतं. १ केल्विनला त्यांची तरंगलांबी येते सुमारे ०.१७ मायक्रोमीटर. म्हणजे अणूंना जे नॅनोकेल्विनला जमतं, ते एक्साइटॉनांना केल्विनच्या आसपासच जमायला हवं. एक्साइटॉनांच्या बाबतीत 'अतिशीत' हा शब्द या अर्थाने घ्यायचा.

मग अडचण काय? आयुष्य. साधा एक्साइटॉन थंड व्हायच्या आतच संपून जातो. त्यावरचा उपाय १९७५ मध्ये युरी लोझोविक आणि व्लादिमिर युडसन यांनी सुचवला. इलेक्ट्रॉन एका थरात ठेवा, होल शेजारच्या थरात ठेवा. दोघं एकमेकांना ओढत राहतील, जोडी टिकेल, पण भेट सहज होणार नाही. अशा दुथरी एक्साइटॉनाचं आयुष्य कितीतरी पटींनी वाढतं, काही रचनांत ते मायक्रोसेकंदापर्यंत जातं. थंड व्हायला तेवढा वेळ पुरतो.

दुथरी एक्साइटॉन एकमेकांना का ढकलतात?

या उपायाबरोबर एक गोष्ट आपोआप आली. इलेक्ट्रॉन सगळे वरच्या थरात, होल सगळे खालच्या थरात. म्हणजे प्रत्येक एक्साइटॉन हा एक छोटा द्विध्रुव झाला, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. दोन पट्टीचुंबक उत्तर ध्रुव वर करून शेजारी शेजारी उभे धरले, तर ते एकमेकांना दूर सारतात ना, तसंच इथे होतं. यालाच द्विध्रुवी प्रतिकर्षण म्हणायचं.

हे प्रतिकर्षण म्हणजे अडथळा, असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ते तीन मोठी कामं करतं.

पहिलं काम, ते वायूला वायू ठेवतं. जर्मेनियमच्या साध्या स्फटिकात एक्साइटॉनांची दाटी करून तापमान उतरवलं, तर त्यांच्यातल्या आकर्षणामुळे इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या द्रवाचे थेंब पडतात. लिओनिद केल्दिश यांनी १९६८ मध्ये हे सुचवलं होतं, आणि १९७५ मध्ये बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी अशा एका थेंबाचा फोटोच छापला. थेंब पडला की एक्साइटॉन ही स्वतंत्र जोडीच उरत नाही, मग कंडेन्सेट कशाचं करणार? सगळे द्विध्रुव एका दिशेचे असले, की ही भीती दूर होते.

दुसरं काम, ते रस्ता सपाट करतं. कुठलाही थर अगदी गुळगुळीत नसतो. कुठे खळगा, कुठे उंचवटा. एकटादुकटा एक्साइटॉन खळग्यात पडला, की अडकलाच. पण गर्दी असली, तर आधी आलेले खळगे भरून टाकतात आणि नंतर येणाऱ्यांना ढकलून वर ठेवतात. मागून येणाऱ्याला जमीन बरीचशी सपाट लागते.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं. एकमेकांशी काहीच देणंघेणं नसलेल्या कणांचा वायू अतिप्रवाही, म्हणजे सुपरफ्लुइड, होऊच शकत नाही. समजा असा वायू वाहतोय आणि वाटेत एक खडबडीत जागा आली. ती जागा एका कणाला धक्का देऊन त्याची गती सहज काढून घेऊ शकते, कारण बाकीच्यांना त्याचा पत्ताच नाही. कण एकमेकांना ढकलत असतील, तर एकाला हलवलं की शेजारी हलतो, त्याचा शेजारी हलतो, आणि तो धक्का ध्वनीच्या लाटेसारखा पसरतो. अशी लाट उठवायला प्रवाहाचा किमान काही वेग लागतो. त्यापेक्षा कमी वेगाने वाहणाऱ्या प्रवाहाची ऊर्जा त्या खडबडीत जागेला काढता येत नाही. हा लँडाऊंचा युक्तिवाद. शिवाय आपला थर द्विमितीय आहे. अमर्याद द्विमितीय थरात शून्याच्या वरच्या कुठल्याही तापमानाला काटेकोर अर्थाने कंडेन्सेट होत नाही, पण परस्परक्रिया असेल तर अतिप्रवाह मात्र होतो. या संक्रमणाचं गणित मायकेल कॉस्टरलिट्झ आणि डेव्हिड थाउलेस यांनी १९७३ मध्ये मांडलं, आणि २०१६ च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा आहे. म्हणजे द्विमितीय थरात तालाला ढकलण्याची गरजच आहे.

ढकलणं मोजायचं कसं?

इथे शाळेतला कपॅसिटर आठवायचा. वर इलेक्ट्रॉनांचा पत्रा, खाली होलांचा पत्रा, मध्ये थोडं अंतर. आधीच भरलेल्या कपॅसिटरमध्ये आणखी एक जोडी घालायची, तर जास्तीची ऊर्जा लागते. ती ऊर्जा जोड्यांच्या घनतेच्या आणि थरांमधल्या अंतराच्या प्रमाणात वाढते. ही जोडी संपते तेव्हा तीच जास्तीची ऊर्जा फोटॉन घेऊन जातो. म्हणजे गर्दी वाढली की प्रकाश निळ्या टोकाकडे सरकतो. गॅलियम आर्सेनाइडचा प्रकाश मुळात अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा, पण सरकतो त्या दिशेला.

आकडे घालून बघू. थरांमधलं अंतर १२ नॅनोमीटर आणि घनता मघाशी घेतली तीच, चौरस सेंटिमीटरला १,००० कोटी. उत्तर येतं सुमारे १.७ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. १ केल्विनच्या उष्णतेची ऊर्जा ०.०८६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणजे या हिशोबाने शेजाऱ्यांचं ढकलणं उष्णतेच्या हालचालीपेक्षा जवळजवळ वीसपट जड.

आता यातली एक पळवाट. कपॅसिटरच्या सूत्रात आपण धरलं, की एक्साइटॉन पत्र्यासारखे सपाट पसरलेत. पण जे एकमेकांना ढकलतात ते सपाट पसरत नाहीत. पहाटेच्या रिकाम्या प्लॅटफॉर्मवर चार माणसं उभी असली, तर ती कशी उभी राहतात? एकमेकांपासून अंतर राखून. एक्साइटॉनही तेच करतात. प्रत्येकाभोवती एक मोकळी जागा राहते, त्यामुळे प्रत्यक्ष ऊर्जा सूत्रापेक्षा कमी भरते. याचा परिणाम असा, की रंगावरून थेट घनता काढली तर ती खऱ्यापेक्षा कमी येते. क्वांटम ताल जमला की नाही हे ठरवायला घनता आणि तापमान दोन्ही लागतात. त्यातला एक आकडाच चुकला, तर पुढचा सगळा निष्कर्ष डळमळतो. म्हणून या क्षेत्रात परस्परक्रियेचा नेमका हिशोब टाळता येत नाही.

कड्याची गोष्ट

२००२ मध्ये 'नेचर' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांचे लेख आले. एक लिओनिद बुटोव्ह आणि सहकाऱ्यांचा, दुसरा डेव्हिड स्नोक आणि सहकाऱ्यांचा. दोघांनीही अर्धवाहकाच्या दुहेरी थरावर लेझरचा बारीक ठिपका टाकला होता. ठिपक्याजवळ प्रकाश दिसणं अपेक्षित होतं. पण ठिपक्यापासून बरंच दूर, मध्ये अंधार सोडून, प्रकाशाचं एक मोठं गोल कडं दिसलं! बुटोव्ह यांच्या प्रयोगात, तापमान काही केल्विनच्या खाली उतरलं की ते कडं तुटून समान अंतरावरच्या मण्यांची माळ दिसायला लागली.

एक्साइटॉन कुठलाही विरोध न होता इतक्या दूर वाहत गेले, हाच तो अतिप्रवाह, असं वाटण्यासारखी ही परिस्थिती होती. पण २००४ मध्ये दोन्ही गटांनी स्वतःच कड्याचा उलगडा साध्या, जुन्या भौतिकीने केला. लेझरमुळे ठिपक्याभोवती जास्तीचे होल साठतात. इलेक्ट्रॉन मात्र बाजूच्या भागांतून सगळीकडे झिरपत असतात. होलांचा प्रदेश आणि इलेक्ट्रॉनांचा प्रदेश जिथे भेटतात, त्या सीमेवरच एक्साइटॉन तयार होतात. ती सीमा म्हणजेच ते कडं. अतिप्रवाहाची गरजच नव्हती.

मणी मात्र उरले. शंका अशी येऊ शकते, की ते जर्मेनियमसारखे आकर्षणाचे थेंब तर नाहीत? इथे रंगाची साक्ष कामी आली. आकर्षण असेल, तर दाट मण्यातल्या एक्साइटॉनाची ऊर्जा कमी भरायला हवी. प्रतिकर्षण असेल तर जास्त. २००७ मध्ये बुटोव्ह यांच्या गटाने कड्याच्या काठाने फिरत प्रत्येक जागेचा रंग मोजला. मणी जिथे सर्वांत उजळ, तिथेच ऊर्जा सर्वांत जास्त होती. मणी एकमेकांना ढकलणाऱ्यांचेच होते. पुढे २०१२ मध्ये याच गटाने ०.१ केल्विनच्या आसपास या मण्यांच्या प्रकाशाचे व्यतिकरण तपासलं. त्या तापमानाला एकेकट्या एक्साइटॉनाची तरंगलांबी सुमारे अर्धा मायक्रोमीटर येते, पण प्रकाशाचा ताल त्याच्या कितीतरी पट अंतरापर्यंत जुळलेला निघाला. कड्याचं स्पष्टीकरण साधं निघालं, तरी मण्यांत क्वांटम ताल सापडला तो असा.

एकेका रेणूच्या जाडीचे थर

२००४ मध्ये मँचेस्टरला चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा एक अणुथर सोलून काढला गेला, ते तुम्ही ऐकलं असेल. तीच युक्ती मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या अर्धवाहकांना लावली, आणि २०१० मध्ये दोन गटांनी दाखवलं, की जाड स्फटिकात जेमतेम प्रकाश देणारा हा पदार्थ एकेरी थरात चांगला प्रकाशतो. २०१५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने मॉलिब्डेनम डायसेलेनाइड आणि टंगस्टन डायसेलेनाइड यांचे एकेरी थर एकमेकांवर ठेवले आणि त्यांत दुथरी एक्साइटॉन पाहिले. इलेक्ट्रॉन एकात, होल दुसऱ्यात.

इथे बदललं काय? गॅलियम आर्सेनाइडमध्ये दुथरी जोडीची पकड काही मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची, थोड्या उष्णतेने तुटणारी. या पातळ थरांत ती शंभराच्या वर. खोलीच्या तापमानाची ऊर्जा २५, म्हणजे जोडी सहज टिकते. जोडीचा आकारही लहान, एक-दोन नॅनोमीटरच्या घरातला. त्यामुळे एकमेकांवर न चढता त्यांची दाटी शंभरपट करता येते. चौरस सेंटिमीटरला १ लाख कोटी घनता घेतली आणि एक्साइटॉनाचं वजन साधारण इलेक्ट्रॉनाएवढं धरलं, तर तरंग एकमेकांना भिडायला काही दशक केल्विनच पुरतात. कपॅसिटरच्या सूत्राने ढकलण्याची ऊर्जा येते सुमारे १५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. थर जवळ आल्याने प्रत्येक जोडीमागचं ढकलणं कमी झालं, पण दाटीने त्याची भरपाई केली.

एक नवी अडचणही आली. दोन थरांच्या जाळ्या तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे दोन जाळीदार पडदे एकमेकांवर धरल्यावर दिसते तशी नक्षी तयार होते. तिला म्वारे नक्षी म्हणतात. अंड्यांच्या ट्रेमधल्या खाचांसारखे खळगे पडतात आणि एक्साइटॉन त्यांत बसून राहतात. २०१९ मध्ये अनेक गटांनी याच्या खुणा दाखवल्या. एका खाचेत दुसरा एक्साइटॉन घालायचा तर मोठी ऊर्जा लागते, त्यामुळे परस्परक्रियेच्या अभ्यासाला ही जागा उत्तम. वाहण्याला मात्र नाही.

म्हणून वाहणारा वायू हवा असेल, तर दोन थरांच्या मध्ये बोरॉन नायट्राइडचा पातळ पापुद्रा घालतात. त्याचे उत्तम स्फटिक जपानमधल्या त्सुकुबाच्या केंजी वातानाबे आणि ताकाशी तानिगुची यांच्या प्रयोगशाळेतून जगभर जातात. २०१९ मध्ये जिए शान आणि किन फाइ माक यांच्या गटाने अशाच रचनेत विजेने एका थरात इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्यात होल भरले. घनता एका उंबरठ्याच्या वर गेली, की बाहेर पडणारा प्रकाश एकदम वाढला. हा परिणाम १०० केल्विनच्या आसपासपर्यंत टिकला. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, म्हणजे त्याच्याही वर. त्यांनी लेखाच्या शीर्षकात 'पुरावा' हा शब्द जपून वापरला. कड्याचा इतिहास बघता हा सावधपणा योग्यच वाटतो. उजेड वाढणं ही एक खूण. विरोधाशिवाय वाहणं थेट मोजून दाखवणं ही त्यापुढची पायरी.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : इलेक्ट्रॉन आणि होल दोन्ही फर्मिऑन. मग त्यांची जोडी बोसॉन कशी?

उत्तर : दोन फर्मिऑन मिळून बोसॉन होतो, तो नियम बरोबर आहे. पण जोड्या एकमेकांपासून लांब असतील तोवरच. दाटी इतकी झाली की एका जोडीचा इलेक्ट्रॉन दुसरीच्या अंगणात शिरला, तर पाउलींचा नियम आड येतो, कारण दोन इलेक्ट्रॉन एका जागी बसू शकत नाहीत. त्याहून दाटी झाली की जोड्या फुटतात आणि मोकळ्या इलेक्ट्रॉन-होलांचं मिश्रण उरतं. म्हणून लहान आकाराचा एक्साइटॉन फायद्याचा.

प्रश्न : हे एक्साइटॉन एकमेकांना कधीच ओढत नाहीत का?

उत्तर : ओढतात. चुंबकाचंच उदाहरण घ्या. शेजारी उभे केले तर ढकलतात, पण एकावर एक ठेवले तर चिकटतात. दुथरी रचनेच्या दोन जोड्या एकावर एक रचून वरच्या आणि खालच्या एक्साइटॉनांमधलं आकर्षण मोजलेलं आहे. एकाच पातळीवर प्रतिकर्षण, दोन पातळ्यांमध्ये आकर्षण. दिशा बदलली की नातं बदलतं.

प्रश्न : याचा उपयोग काय?

उत्तर : एक्साइटॉन विजेच्या दाबाने थांबवता येतो, सोडता येतो, आणि शेवटी तो प्रकाश देतो. म्हणजे वीज आणि प्रकाश यांच्या मधला दुवा. २००८ मध्ये थंड गॅलियम आर्सेनाइडमध्ये असं छोटं सर्किट करून दाखवलं गेलं, आणि २०१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या गटाने पातळ थरांत खोलीच्या तापमानाला एक्साइटॉनाचा स्विच चालवला. त्यात अजून अतिप्रवाह नाही, साधं वाहणंच आहे. पण तिथेही ठिपक्यापासून दूर पसरायला एक्साइटॉनांना मदत करतं ते त्यांचं एकमेकांना ढकलणंच.